तिसरा पाय

पायांची निवड सकाळी साडेसातला मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात सुरू झाली. मी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसलो होतो. हातात फॉर्म, फॉर्मवर चार रकाने: नखं, भेगा, रंग, वास. वासाला एक ते पाच गुण द्यायचे होते. समोर कळंबखेड नगरपालिकेच्या गटारं साफ करणाऱ्या अकरा बायका चपला काढून ओळीत उभ्या होत्या.

"जरा पुढे या मावशी. दोन्ही पाय."

"चालून दावू का?" पहिली म्हणाली. तिचं नाव मंदा.

"नको, नुसते ठेवा."

"न्हाई, पोरगी बगायला आल्यागत बगतुयास म्हून म्हनलं. सैपाक येतो का इचार. शिवनकाम इचार."

सगळी ओळ हसली. मीही हसलो आणि मंदाला वासात तीन गुण दिले.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मी तेव्हा बावीसचा होतो आणि पुण्याच्या आल्हाद सरांच्या संस्थेत कार्यक्रम सहायक होतो. सर नेतृत्व शिकवायचे, म्हणजे जे आधीच नेते झालेत त्यांना. कळंबखेडचे नगराध्यक्ष नानासाहेब शेळमकर यांनी 'बदलत्या जगातलं सेवाभावी नेतृत्व' अशी तीन दिवसांची कार्यशाळा ठेवली होती. पहिल्या दिवशी सगळ्या नगरसेवकांनी झाडाला मिठी मारली. कार्यालयाच्या आवारात झाड एकच होतं, त्यामुळे रांग लावावी लागली. दुसऱ्या दिवशी डोळ्यांना पट्ट्या बांधून त्यांनी एकमेकांना जिलबी भरवली. त्यात आरोग्य समितीच्या सभापतींचं बोट चावलं गेलं, ते कोणी चावलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. तिसऱ्या दिवशी, म्हणजे पायांच्या निवडीच्या दिवशी, नानासाहेब स्वतः पाच सफाई भगिनींचे पाय धुणार होते.

"ओजस, एक लक्षात ठेव," सर मला म्हणाले होते, "परातीतलं पाणी गढूळ झालं पाहिजे. काळं नाही. काळं झालं की लोक विचार करायला लागतात."

म्हणून निवडलेले पाय आधी गरम पाण्याने घासून, पुसून, मग टाचांना थोडी माती लावायची होती. माती मी पुण्याहून आणली होती. चाळलेली.

दहाव्या बाईपर्यंत काम सुरळीत चाललं. अकरावी अजून चार हात लांब होती तेव्हाच तिचा वास माझ्यापर्यंत आला. फॉर्मवर पाचच्या पुढे आकडा नव्हता.

ती द्वारकाबाई खिल्लारे. पन्नाशीच्या पुढची, काटक, कपाळ मोठं. डाव्या पायाला साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, वरून सुतळी. तिने खाली बसून सुतळी सोडली, पिशवी काढली, आतलं फडकं काढलं. फडकं सहज निघालं नाही. अंगठा जांभळा पडला होता आणि तळव्याला सुपारी मावेल एवढा खड्डा होता. खड्ड्याची कड पांढरी होती आणि ओली.

"काय झालं हे?"

"काच."

"कधी?"

"आखाडात. भरतच न्हाई. साखर हाय मला."

"पण तुम्हाला गमबूट देतात ना?"

"मंदे, दाव गं त्येला बूट."

मंदाने भिंतीकडचा एक गमबूट आणला. मग तिने आणि शेजारच्या बाईने मिळून त्या एकाच बुटात एकेक पाय घातला आणि दोघी माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"नऊ नंबर," मंदा म्हणाली. "अकरा जनींना अकरा जोड, समदे नऊ नंबर. गाळात पाय टाकला की पाय वर येतुय आन् बूट तितंच ऱ्हातुय. मंग त्येला काडायला परत दुसरी बाई उतरायची."

"मग अनवाणी उतरता?"

"मावशी उतरती. आमी तिच्या मागं."

हे मला नीट कळायला दोन मिनिटं लागली. या टोळीची एक रीत होती. गटारात सगळ्यांत आधी द्वारकाबाई उतरायची, अनवाणी. पाय उचलायचा नाही, तळवा गाळातून सरकवत न्यायचा. काच, ब्लेड, तार, खिळा, जे काय असेल ते पायाला लागायचं. लागलं की वाकून काढायचं, काठावर फेकायचं आणि पुढे सरकायचं. बाकीच्या दहा जणी तिच्या पावलावर पाऊल ठेवून यायच्या. सत्तावीस वर्षं.

"मला गावली म्हंजी ह्येनला गावत न्हाई," द्वारकाबाई म्हणाली. जणू भाजी निवडण्याबद्दल बोलत होती.

तिने कमरेच्या पिशवीतून एक घडी केलेला अर्ज काढला. अकरा जोड गमबूट, नंबर पाच. असा अर्ज तिने तीनदा दिला होता. स्वच्छता निरीक्षक हिरेमठांचं उत्तर तीनदा एकच आलं: रेकॉर्डला गमबूट पुरवलेले आहेत, त्यामुळे पायाला इजा होऊ शकत नाही. इजा झाली असेल तर ती कामावर झालेली नाही. अगदीच असेल तर नगराध्यक्षांनी स्वतः पाहून ठरवावं.

"आन् सायेब काय भेटत न्हाईत," ती म्हणाली. "आज सोता पायापाशी येनार हायेत म्हनं. मंग बगू दे की त्येनला. माजं नाव ल्ही."

मी नाव लिहिलं नाही. मी सरांना बोलावलं.

सरांनी रुमाल नाकाला लावून पाय पाहिला. पाहताना त्यांनी मान हळूहळू हलवली, जशी ते प्रशिक्षणात कुणी रडलं की हलवायचे. मग मला बाजूला घेतलं.

"हे नाही चालणार. लोकांना करुणा यायला हवी, किळस नाही."

"पण सर, त्यांना तेच दाखवायचंय."

"दाखवायला दुसरी वेळ असते ना! आज उत्सव आहे."

मी परत जाऊन पाच नावं वाचली. त्यात द्वारकाबाई नव्हती. मंदाने चपला घातल्या. मग दुसरीने घातल्या. मग सगळ्यांनी.

"मावशी न्हाई तर आमी कुनीच न्हाई," मंदा म्हणाली. "तुमचेच धुवा एकमेकांचे."

नऊ वाजले होते. साडेदहाला नानासाहेब येणार होते, पत्रकार येणार होते, पराती घासून झाल्या होत्या. सरांनी डोळे मिटले. याला ते 'आतल्या नेत्याशी बोलणं' म्हणायचे. आतला नेता दोन मिनिटं बोलला असावा. सरांनी डोळे उघडले आणि माझ्या पायांकडे पाहिलं.

"कितवा नंबर तुझा?"

"सात."

"गोरे आहेत," सर म्हणाले. "चालतील."

पुढच्या तासाभरात माझ्या आयुष्यात जे घडलं ते मी आईला आजही सांगितलेलं नाही. कार्यालयाच्या न्हाणीघरात मी पायांची नडग्यांपर्यंत दाढी केली. सोललेल्या कोंबडीसारख्या दिसणाऱ्या त्या पायांना हळद-कुंकू लागलं. बोटांत जोडवी चढवली गेली, डाव्यातलं घट्ट झालं म्हणून साबण लावून चढवलं. टाचांना मी स्वतःच्या हाताने पुण्याची माती लावली.

व्यासपीठावर नवरा-नवरीसाठी असतात तशा पाच उंच खुर्च्या होत्या, जांभळ्या सॅटिनच्या, खाली झालर. मधल्या खुर्चीखाली मला उताणं झोपवलं. पाय पुढून झालरीबाहेर, परातीत. वर द्वारकाबाईने मांडी घालून बसायचं आणि तिच्या लुगड्याचा काठ माझ्या घोट्यांवर सोडायचा. फोटोग्राफरला सांगून ठेवलं होतं: वर चेहरा, खाली दोन पाय, इतकंच.

द्वारकाबाईने वाकून झालर उचलली आणि माझ्याकडे पाहिलं.

"ह्यो? ह्यो कशाला?"

"तुमच्या पायाला पाणी लागू नये म्हणून," सर म्हणाले. "काळजी."

"सत्तावीस वर्सं पान्यातच हाय त्यो," ती म्हणाली. पण बसली. इतकं सहज बसली की सरांना हायसं वाटलं. मला मात्र तेव्हाच शंका यायला हवी होती.

मग सनईची टेप लागली. नानासाहेब आले. त्यांचा आवाज मला फळ्यांमधून येत होता, पाठीतून.

"नेता सगळ्यांच्या वर नसतो, बंधू-भगिनींनो! जग बदलतंय! आजचा नेता सगळ्यांच्या खाली असतो!"

त्या क्षणी सगळ्यांच्या खाली मी होतो. टाळ्या झाल्या तेव्हा खुर्चीची धूळ माझ्या डोळ्यांत पडली.

परातीत पाणी ओतलं गेलं. पाणी कोमट होतं, त्यात गुलाबाच्या पाकळ्या. पहिल्या खुर्चीपाशी 'भगिनी, मला सेवेची संधी द्या' असं नानासाहेब माइकवर म्हणत होते तेव्हा वरून अगदी हळू आवाज आला.

"लेकरा."

मी खुर्चीच्या तळाकडे पाहिलं.

"लेकरा, पाय काड. माजा ठिवते."

"मावशी, नको. सर ओरडतील."

"येकच काड. डावा. कुनाला कळत न्हाई. त्येनला दिसला म्हंजी झालं."

एका पायाचा प्रश्न होता. गुडघा मुडपून टाच वीतभर मागे घेतली असती तर झालरीच्या आत आली असती. कुणाला दिसलं नसतं. मी पहाटे चारपासून राबत होतो, हार मोजत, खुर्च्या मोजत, पाय मोजत. आता पाणी घोट्यांपर्यंत होतं, पाकळ्या बोटांना लागत होत्या. आणि कोणी तरी मोठा माणूस माझे पाय धुवायला येत होता.

बरं वाटत होतं. मी पाय काढला नाही त्याचं दुसरं कारण मी नऊ वर्षं शोधतोय. सापडलेलं नाही.

"लेकरा?"

"मावशी, शांत बसा ना."

मग खुर्ची करकरली, प्लॅस्टिकची पिशवी चुरचुरली आणि माझ्या डाव्या पायाला काही तरी गार, खरखरीत घासून पाण्यात उतरलं. वास झालरीच्या आत भरला. मी तोंडाने श्वास घ्यायला लागलो, तर तो तोंडात आला.

परातीत आता तीन पाय होते.

झालरीला एक फट होती. तिच्यातून मला नानासाहेबांचा चेहरा दिसला. ते पाटावर बसले, चष्मा वर सरकवला, हात पाण्यात घातले आणि थांबले. त्यांचे ओठ हलले. मी शपथेवर सांगतो, ते मोजत होते. एक, दोन, तीन. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"सायेब," द्वारकाबाई वरून हळू म्हणाली, "ह्यो माजा. त्ये दोन न्हवं. ह्यो बगा. बुटाचं सांगायचं हुतं."

नानासाहेबांनी पाहिला. असं नाही की पाहिला नाही. नीट, नाकपुड्या फुगवून, जितका वेळ पाहायला हवा तितका वेळ पाहिला. पाण्यात पाकळ्यांच्या मधून पिवळसर काही तरी सुटून तरंगत होतं. मग त्यांनी माझा उजवा पाय उचलला आणि धुतला. मग डावा. बोटांच्या मधूनसुद्धा. नव्या टॉवेलने पुसले, पुन्हा हळद-कुंकू लावलं, वाकले आणि माझ्या डाव्या अंगठ्यावर कपाळ टेकवलं. कपाळ घामाने चिकट होतं.

तिसऱ्या पायाला त्यांचा हात लागला नाही. चुकूनसुद्धा नाही. इतक्या लहान परातीत हे अवघड होतं, पण त्यांनी जमवलं.

"धन्य झालो," ते माइकवर म्हणाले. माइक बाजूला करून म्हणाले, "पुढचं."

कॅमेरा चमकला. लोक उभे राहिले. सर रडले. ते त्यांना हवं तेव्हा जमायचं, पण या वेळी मला वाटतं खरं असावं.

मी खालून बाहेर आलो तेव्हा व्यासपीठ रिकामं झालं होतं. द्वारकाबाई खुर्चीवर बसून लुगड्याच्या पदराने स्वतःचा पाय पुसत होती. मी जोडवी काढायला साबण शोधायला गेलो.

तो फोटो फार चालला; तिसरा पाय त्यात नानासाहेबांच्या खांद्याआड गेला होता. वर्तमानपत्रांत आला, नगरपालिकेच्या कॅलेंडरवर आला. सरांना त्यावरून अकरा जिल्ह्यांत कार्यशाळा मिळाल्या आणि त्यांनी मला 'राज्य समन्वयक' केलं. कार्ड छापून आठवडा झाला असेल, तेव्हा त्यांनी मला कळंबखेडला पाठवलं. फोटोची मोठी तसबीर नगरपालिकेला भेट द्यायची होती.

हिरेमठांच्या केबिनबाहेरच्या बाकापाशी मंदा उभी होती आणि बाकावर द्वारकाबाई बसली होती. मी नमस्कार केला. मग माझी नजर खाली गेली. डाव्या घोट्याच्या जरा वर लुगडं संपत होतं आणि त्याच्याखाली काही नव्हतं. कुबडी भिंतीला टेकवलेली होती.

मी आत गेलो.

"बरं झालं आलात," हिरेमठ म्हणाले. साधा माणूस, मिशा पिकलेल्या, टेबलावर चहाचा ग्लास. "एक सही हवी होती तुमची. हा फोटो अस्सल आहे, त्यात काही फेरफार नाही, इतकंच. फाइलला लावायचंय."

"कसली फाइल?"

त्यांनी ती माझ्याकडे फिरवली. द्वारका खिल्लारे, अर्ज क्रमांक चार. खाली शेरा: 'अर्जदाराचे दोन्ही पाय सुस्थितीत असल्याचे सोबतच्या छायाचित्रावरून दिसून येते. सबब कामावर इजा झालेली नाही. सबब पुरविलेले गमबूट योग्य मापाचे आहेत. अर्ज निकाली.'

"अहो, पण त्या बाहेर बसल्यात! एक पाय नाही त्यांना!"

"माहीत आहे. मागच्या महिन्यात काढला. फार वाईट झालं." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "पण फाइलमधल्या बाईला दोन आहेत. आता फोटोच्या दिवशी पाय इतका चांगला, म्हणजे नंतर घरी काही तरी झालं, असंच धरावं लागतं ना?"

मी बूट काढले. मोजे काढले. दोन्ही पाय उचलून त्यांच्या टेबलावर, तसबिरीच्या शेजारी ठेवले. मला वाटलं होतं, यामुळे काही तरी होईल. हिरेमठांनी चहाचा ग्लास जरा बाजूला घेतला.

"ओळखतो की," ते म्हणाले. "जोडवी मीच आणली होती बाजारातून."

"मग?"

"मग तुम्ही लिहून द्या." त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला, त्यावर पेन ठेवलं. "फोटोतले पाय माझे आहेत, बस. मी आत्ता फाइलला लावतो. अर्ज परत उघडतो, इजा कामावरची धरली जाते, पाच नंबरचे अकरा जोड मागवावेच लागतात. मलाही त्या बायका रोज दिसतात हो. मी लिहिलं तर नोकरी जाईल, पोरीचं लग्न ठरलंय माझ्या. तुम्ही बाहेरचे. फक्त खाली नाव, संस्था आणि हुद्दा लिहा."

मी कागदावर 'मी लिहून देतो की' असं लिहिलं.

पंखा फिरत होता. टेबलावर माझे पाय होते, तसबिरीतही माझे पाय होते. तसबिरीतले जास्त चांगले दिसत होते. अकरा जिल्ह्यांच्या पत्रिकांवर तेच छापलेले होते. 'की'च्या पुढे काय लिहायचं हे मला पाठ होतं, चारच शब्द होते.

मी तो कागद घडी करून खिशात ठेवला. मग फाइलमधला तयार कागद ओढला, 'छायाचित्र अस्सल असून त्यात कोणताही फेरफार नाही' या ओळीखाली सही केली आणि हुद्दा पूर्ण लिहिला. हिरेमठांनी शिक्का मारला आणि ते तोंड फिरवून चहा प्यायले. मी मोजे चढवले. एक उलटा गेला, तो काढून सुलट करून परत घातला.

बाहेर आलो तेव्हा बाकापाशी दोघी माझ्याकडे बघत होत्या. मंदाच्या पायांना घोट्यापर्यंत गाळ वाळून पांढरा झाला होता. पाय अनवाणी होते. उजव्या करंगळीला चिंधी होती.

"आता पुडं मी असते," माझी नजर पाहून मंदा म्हणाली. ती या वेळी काही गंमत करत नव्हती.

"काय म्हनले आत?" द्वारकाबाईने विचारलं. "मिळत्यात का बूट?"

"ते म्हणतात..." मी म्हणालो, "फोटोत पाय चांगले दिसतात."

द्वारकाबाईने माझ्या बुटांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता थुंकेल. थुंकली असती तर बरं झालं असतं.

"हायेतच चांगले," ती म्हणाली. "परातीत लागले की माज्या पायाला. मऊ हायेत. जप त्येनला."